छापायचे की नाही, हे तिने ठरवावे

अमळनेर तालुक्यातील एका गावात मी आठवी ते दहावीच्या मुलींसाठी लेखनवर्ग घेते आणि वर्षअखेरीस त्यांच्या निवडक लेखनाची छोटी पुस्तिका काढते. यातून किती लेखिका घडतील, असे मला नेहमी विचारले जाते. माझी अपेक्षा निराळी आहे. मनातले वाक्य कागदावर आणणे, ते मोठ्या माणसापुढे ठेवणे, त्यावर आलेल्या प्रश्नाला उत्तर देणे आणि अखेरीस ते छापायचे की नाही हे स्वतः ठरवणे, एवढे करताना आपल्या शब्दाला वजन आहे याची प्रचिती त्या मुलीला यावी, असे मला वाटते.

या बाबतीत खान्देशाला एक चुटपुट आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी टिपून ठेवली म्हणून उरली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांचा संग्रह १९५२ मध्ये निघाला. स्वतःचे पुस्तक त्यांनी पाहिले नाही. याच्या जवळपास शंभर वर्षे आधी, १८५५ मध्ये, पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे यांचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला होता. शाळकरी मुलीचे म्हणणे तिच्या शाळकरी वयातच वाचकांपर्यंत जाऊ शकते, हे तेव्हाच दिसले होते.

वर्गातील खरे काम दुसऱ्या खर्ड्यापासून सुरू होते. कापूस वेचणीवर लिहायला सांगितले की पहिले वाक्य हमखास ‘शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे’ असे येते, कारण निबंधाला गुण मिळवण्याची तीच रीत शाळेत शिकवलेली असते. मी ते खोडत नाही. समासात पेन्सिलीने एवढेच विचारते, की वेचणीच्या दिवशी घरात सर्वांत आधी कोण उठते? एका मुलीने या प्रश्नावर पुढच्या आठवड्यात दोन पाने लिहून आणली. अंधारात भाकरी थापणारी आई, कमरेला बांधलेली ओटी, वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी खरचटलेली बोटे, संध्याकाळी काट्यावर तोलला जाणारा कापूस आणि किलोमागे मिळणारी मजुरी, हे सगळे त्यात होते. आजीच्या तोंडी तिने ‘काय करी ऱ्हायनी व माय?’ असे अहिराणी लिहिले होते आणि ते शुद्ध करू का, असे मला भीत भीत विचारले. ते तसेच छापले गेले. मार्गदर्शक जितकी वाक्ये स्वतः सुधारून देईल, तितके ते लेखन मुलीचे कमी होत जाते, असे माझे ठाम मत आहे.

लेखनाने मन हलके होते, हे मात्र जपून म्हणावे. अमेरिकेतील जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे आपल्या त्रासदायक अनुभवांविषयी लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक वाईट वाटले. पुढील महिन्यांत मात्र आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रमाण कमी राहिले. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार केला असता हा लाभ माफकच दिसतो. म्हणून ‘तुझे दुःख लिही’ असा विषय मी कधीच देत नाही. प्रत्येकीची एक खासगी वही असते. ती मी वाचत नाही, तिच्यातील काय दाखवायचे ते मुलगी निवडते. मात्र गुप्ततेची मर्यादा पहिल्याच दिवशी सांगावी लागते. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि पीडित मुलीची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. मुलांसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हे मदतीचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असतात.

छपाई त्यामानाने सोपी आहे. डिजिटल छपाईमुळे थोड्या प्रतीही काढता येतात, आणि पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत बसवली की झाले. अवघड असते ती संमती. गावात नाव न लिहिताही घर ओळखू येते. पालकांची परवानगी हवीच, पण मुलीचा होकार मी स्वतंत्रपणे घेते आणि तो शेवटचे मुद्रित तपासून होईपर्यंत मागे घेण्याची तिला मुभा असते. टोपणनाव चालते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार अशा लेखनाची पहिली मालक लेखिकाच असते आणि तिचे वय त्याच्या आड येत नाही, त्यामुळे प्रत्येक लेखाखाली हक्क त्या-त्या मुलीच्या नावे नोंदवलेला असतो. मुद्रितेही मुलीच तपासतात. छापील कागदावरची वेलांटी आपल्या हाताने दुरुस्त करणारी मुलगी नंतर वर्गातही हात वर करू लागते, हे मी पाहिले आहे.

यंदा मला आणखी काही मार्गदर्शक मैत्रिणी हव्या आहेत. त्या साहित्यिकच असाव्यात असे नाही. मनापासून वाचणारी बाई पुरेशी आहे. मात्र तिने एका मुलीला पूर्ण वर्ष द्यावे, कारण दोनदा येऊन तिसऱ्यांदा न येणाऱ्या ताईमुळे मुलगी लिहिलेले दाखवणेच थांबवते. दिवाळीच्या सुमारास वेचणीमुळे मुली शेतात असतात, तेव्हा भेट संध्याकाळी ठेवावी लागेल.