सूचक कोण?

ग्रामसेवकाच्या नोकरीत माझे ते अकरावे वर्ष होते, आणि त्या दिवशीच्या बालसभेचे इतिवृत्त मी आदल्या रात्रीच लिहून ठेवले होते. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यासाठी ग्रामसभेआधी बालसभा घ्यावी लागते. मुले गाणी म्हणतील, खाऊ घेतील आणि आपला कागद पूर्ण होईल, एवढीच माझी समज होती.

सातवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, आम्ही मांडायच्या आधीच वहीत काय लिहिलंय?" मी वाचून दाखवले : खेळाचे साहित्य. त्यावर मुलींनी दोरीने घेतलेले माप पुढे ठेवले. शाळेत मुलींचे स्वच्छतागृह होते, पण त्यात पाणी नव्हते. पाण्याची टाकी तिथून 40 फुटांवर होती आणि बादली वाहून न्यावी लागत असल्यामुळे मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस शाळेत येतच नसत. त्यांना हवी होती एक नळी आणि एक तोटी. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, हे त्यांना शिक्षिकेने सांगितले होते. आम्ही मात्र दर वर्षी त्यातून शिलाई यंत्रे घेऊन मोकळे होत होतो.

पाने क्रमांकित असल्याने फाडता येईना, म्हणून आधीच्या मजकुरावर तिरपी रेघ मारून मी सही केली आणि मुलींचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले.

खरी अडचण ग्रामसभेत आली. मुलांच्या जीवनाशी संबंधित बाबींत त्यांचे मत विचारात घ्यावे, असे सांगणारा बालहक्क करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला असला, तरी ग्रामसभेचा सदस्य मतदारयादीतलाच असतो. त्यामुळे ठरावाला सूचक प्रौढच लागणार होता. स्वागत कमानीसाठी सूचक म्हणून चौघे पुढे आले होते. नळीचा विषय वाचताच मात्र मंडपात शांतता पसरली. मुली दाराशी उभ्या होत्या. शेवटी मागच्या रांगेतून एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव घाला." अनुमोदन त्यांच्या सुनेने दिले. ठराव मंजूर झाला, कमानीच्या नंतर का होईना.

चार दिवसांनी ती मुलगी कार्यालयात आली. ठरावाची नक्कल हवी होती तिला, आणि मुठीत नक्कल शुल्काची नाणी होती.