गडद पाकळ्यांची सूर्यफुले

शेतातले पिवळेधमक सूर्यफूल सर्वांच्या परिचयाचे आहे. पुण्यातील आमच्या अंगणात मात्र मी ‘व्हेल्वेट क्वीन’ या जातीची, तपकिरी छटेच्या गडद तांबड्या पाकळ्यांची सूर्यफुले लावतो. अशा तांबड्या सूर्यफुलांचा उगम अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आहे: १९१० साली बोल्डर येथे विल्माट कॉकरेल यांना तांबूस पाकळ्यांचे एक रानटी रोप आढळले आणि त्याच्या संकरातून बागेतील जाती घडत गेल्या. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असून कडक उन्हाळ्यात तो फिका पडू शकतो, म्हणून मी पेरणी पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास करतो. बी सुमारे २ सेंटिमीटर खोल, थेट कायमच्या जागीच पेरावे, कारण सोटमूळ दुखावलेले रोप नीट जोम धरत नाही. झाड ५ ते ६ फूट वाढते आणि फांद्या फुटत असल्याने फुले टप्प्याटप्प्याने येत राहतात. ‘मूलँ रूज’ ही संकरित जात परागविरहित असल्याने फुलदाणीसाठी सोयीची खरी, परंतु तिच्या बियांतून तसेच झाड येईल याची खात्री नसते. मला तरी मधमाश्यांना पराग देणारी पहिलीच जात अधिक भावते. बी भरू लागताच पोपट हजर होतात (त्यांना रंगाचे काही सोयरसुतक नसते), तेव्हा बियाण्यासाठी राखलेल्या फुलावर विरळ सुती कापड बांधावे.