दाराला रंग लावायला साडेतीन महिने लागले

दार रंगवून झालं, गणपती येऊन गेले, तरी माझा राग काही जात नाही. सोसायटीत राहणाऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

आमची डोंबिवलीतली इमारत 1989 सालची, घर तिसऱ्या मजल्यावर. दार सागवानी, पण खालच्या दोन पॅनलचं पॉलिश पार उडालेलं आणि कुलपाभोवती हातांचे काळे डाग. मला पुन्हा पॉलिश नको होतं, हिरवा रंग हवा होता. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तिथे बाबा दरवर्षी गणपतीआधी दाराला ऑइल पेंटचा एक हात द्यायचे, फणसाच्या जून पानासारखा हिरवा. तोच डोळ्यांसमोर होता.

रंग निवडायला आठवडा गेला. दुकानात बॉटल ग्रीन आवडला, अर्धा लिटर बनवून घेतला, आणि घरी जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली तो चक्क काळा दिसला. त्यात आमचं बाहेरचं सेफ्टी डोअर काळ्या जाळीचं, त्यातून पाहिलं की कुठलाही रंग आणखी गडद वाटतो. मशीनवर बनवलेला रंग दुकानदार परत घेत नाही, ते पैसे गेलेच. दुसऱ्यांदा दोन शेड फिकट, किंचित पिवळसर झाक असलेला हिरवा घेतला. प्लायवूडच्या दोन फुटी तुकड्याला त्याचे दोन हात दिले आणि तो दाराला टेकवून सकाळी, दुपारी चारच्या उन्हात आणि रात्री पाहिला. तिन्ही वेळा तो हिरवाच दिसला. शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावरून दाराचा रंग कधीही ठरवू नका.

आता सोसायटी. खरं तर मी परवानगी मागायलाच नको होती असं आता वाटतं. पण खालच्या मजल्यावर एकांना चपलांच्या रॅकवरून पत्र आलं होतं, म्हणून म्हटलं रीतसर जाऊ. 4 मेला सेक्रेटरींच्या हातात अर्ज दिला, सोबत शेड कार्डाचा तुकडा चिकटवून. जूनमध्ये विचारलं तर म्हणाले, "वहिनी, अर्ज मिळालाच नाही." माझ्याकडे पोहोच नव्हती. 8 जूनला पुन्हा अर्ज केला आणि या वेळी दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही. तुम्हीही हलू नका.

मग उत्तर आलं की सगळ्यांची दारं सारखी दिसायला हवीत. मी वही घेऊन चारही मजले फिरले. सोळा दारांपैकी नऊ पॉलिशची, पाच सनमायकाची, तीही वेगवेगळ्या डिझाइनची, आणि दोन कॉफी रंगाची. ही यादी मी लेखी दिली. त्यावर म्हणे, मजल्यावरच्या तिन्ही शेजाऱ्यांची ना हरकत आणा. दोघींनी त्याच संध्याकाळी सही दिली. तिसऱ्या घरात भाडेकरू, मालक नाशिकला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार चालणार नाही, कागदच हवा. तो कुरिअरने यायला पंधरा दिवस लागले. तोवर जुलैची सभा गणसंख्या पुरी झाली नाही म्हणून तहकूब झाली होती.

या काळात मी सोसायटीचे उपविधी, म्हणजे नियमावली, वाचून काढले. सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांच्या यादीत जिना, कंपाउंड वॉल, पाण्याच्या टाक्या आहेत, सभासदाच्या घराचं दार नाही. मग दाराचा खर्च माझा, तर रंगावर तीन महिने चर्चा कशाला? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 प्रमाणे सभासदाला समितीच्या सभांचं इतिवृत्त पाहता येतं. मी मागितलं. त्यात माझ्या नावापुढे एवढंच होतं: "हिरवा रंग, विषय पुढे ढकलला."

10 ऑगस्टच्या सभेला मी तो प्लायवूडचा तुकडा घेऊनच गेले आणि म्हटलं, पाच मिनिटं वर या, दारासमोर उभे राहा आणि मग काय ते ठरवा. पाच जण आले. चेअरमननी तुकड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अहो, हा तर छान आहे. आम्हाला वाटलं तुम्ही पोपटी करताय."

पोपटी हा शब्द माझ्या अर्जात कुठेही नव्हता. मग कळलं, समितीत फिरली ती अर्जाची झेरॉक्स. शेड कार्डाचा तुकडा तिच्यात करडा उमटलेला, आणि "हिरवा" वाचून ज्याने त्याने आपापल्या मनातला हिरवा धरला. मला तिथे अक्षरशः रडू येत होतं. तीन मिनिटांत होकार मिळाला. पत्र मात्र मी 13 तारखेला लेखीच घेतलं.

पुढचं काम सरळ झालं. पेंटरदादांनी जुनं पॉलिश अर्धा दिवस घासलं, कारण पॉलिशवर थेट ऑइल पेंट दिला की तो सुटतो. मग लांबी (पुट्टी), प्राइमर, पुन्हा घासणं आणि दोन हात. एक लिटरमध्ये चौकटीसह बाहेरची बाजू होऊन रंग उरला. 15 ऑगस्टची सुट्टी धरून काम काढलं आणि नेमका तेव्हाच धो धो पाऊस लागला, रंग वाळेना. रात्री दार लावलं की ते चौकटीला चिकटणार, म्हणून दोन रात्री आम्ही दार उघडं ठेवून नुसत्या सेफ्टी डोअरला कुलूप लावून हॉलमध्येच झोपलो. शक्य असेल तर हे काम उन्हाळ्यातच उरका. मला तेच करायचं होतं. उरलेला रंग काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा आणि डब्यावरचा शेड नंबर त्यावर लिहा.

26 ऑगस्टला संध्याकाळी झेंडूचं तोरण लावलं आणि बाबांना व्हिडिओ कॉलवर दार दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, "खालच्या कडेला रंग दिलात का? फरशी पुसताना पाणी तिथूनच आत शिरतं."

दिला नव्हता. दिवाळीआधी दार बिजागऱ्यांवरून उतरवून तेवढं करून घेणार आहे.