ब्लेझरच्या शोधात : न्यूयॉर्क, न्यू हेवन, फ्रीपोर्ट

भाच्याने व्हिडिओ कॉलवर ब्लेझर कॅमेऱ्यापुढे धरला आणि मला बघताक्षणी कळलं. छातीवर, लेपलच्या, म्हणजे पुढच्या दुमडलेल्या पट्टीच्या जरा खाली, पापड भाजताना येतात तसे फोड आले होते.

"मामा, एकदाच ड्रायक्लीनला दिला होता रे."

"फ्युजिंग सुटलंय. आता काही होत नाही त्याचं."

वरचं कापड आणि अस्तर यांच्या मधला थर शिवण्याऐवजी चिकटवला, की पुढेमागे हा धोका असतोच. ब्लेझर एका बड्या नावाच्या आउटलेटमधून घेतलेला. नाव सांगत नाही, कारण त्या एकट्याला कशाला बोल लावायचा? आउटलेटमध्ये मिळतो तो माल बरेचदा मुख्य दुकानातून उरलेला नसतोच. तिथल्यासाठी म्हणून वेगळा, हलका माल शिवून घेतात. लेबल तेवढं तेच.

मी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात सूटिंग-शर्टिंगच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली. कापडाच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा, बाकी कशातच नाही. ऑक्टोबरात ताईबरोबर अमेरिकेला जायचं ठरलेलंच होतं. भाचा न्यू हेवनच्या येल विद्यापीठात पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला, मुलाखती तोंडावर आलेल्या. त्याने फर्मान काढलं, "मामा, तू आलास की खरेदी करू. मला प्रेपी, क्लासिक हवंय. पण या जुन्या ब्रँडांपैकी कुणाचं घ्यायचं ते तू ठरव."

प्रेपी म्हणजे काय ते आधी त्याच्याकडूनच समजून घेतलं. न्यू इंग्लंडात मोठ्या कॉलेजांसाठी मुलं तयार करणाऱ्या खासगी शाळा आहेत, प्रिपरेटरी स्कूल. त्यातली अँडोव्हरची फिलिप्स अकॅडमी १७७८ सालची, म्हणजे आपल्याकडे नाना फडणवीस कारभार बघत होते तेव्हाची. तिथल्या मुलांचा पेहराव तो प्रेपी : नेव्ही ब्लेझर, ऑक्सफर्ड कापडाचा शर्ट, खाकी पँट, लोफर. गंमत म्हणजे हे सगळं नवंकोरं दिसता कामा नये. कॉलर झिजलेली, कोपर विरलेलं असलं की माणूस खानदानी. आमच्या लहानपणी वडिलांच्या शर्टाची कॉलर फाटली की आई ती उसवून उलटी लावायची आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून जपायची. इथे तीच गोष्ट मिरवायची!

पहिला मुक्काम न्यूयॉर्क. मॅडिसन ॲव्हेन्यू आणि ४४वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर ब्रूक्स ब्रदर्सचं १९१५ पासूनचं मुख्य दुकान होतं. होतं, कारण २०२० साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि ते बंद झालं. कंपनी १८१८ ची. पेशवाई बुडाली त्याच वर्षी हेन्री सँड्स ब्रूक्स नावाच्या गृहस्थांनी मॅनहॅटनमध्ये दुकान उघडलं. लिंकनवर गोळी झाडली गेली त्या रात्री त्याच्या अंगावर यांचाच कोट होता. त्या बंद इमारतीसमोर मी उगाच दोन मिनिटं उभा राहिलो. दुकानाचं शटर कायमचं खाली येणं म्हणजे काय, ते काउंटरमागे उभं राहिलेल्यालाच कळतं. आता नाव नव्या मालकांकडे आहे आणि इतर दुकानं चालू आहेत. त्यातल्याच एका दुकानात आम्ही गेलो.

ब्रूक्सकडे बघायचा तो शर्ट. कॉलरच्या टोकांना बटणं लावायची कल्पना अमेरिकेत यांनी आणली. गोष्ट अशी सांगतात, की मालकांचा नातू जॉन ब्रूक्स १८९६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पोलोचा सामना बघत होता. घोडा दौडताना कॉलर तोंडावर फडफडू नये म्हणून खेळाडूंनी ती बटणांनी अडकवली होती. तेच त्याने उचललं. आता पोलो इंग्रजांनी कुठून नेला? मणिपुरातून. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपल्याला सूट देतील का विचार."

दुकानातल्या माणसाने आधी इस्त्री न लागणारे शर्ट पुढे केले. दिसायला कडक, पण हात फिरवल्यावर लक्षात येतं, की धाग्यावर प्रक्रिया झालेली आहे आणि कापड गुळगुळीत पडलंय. मी साधं ऑक्सफर्ड मागितलं. ऑक्सफर्डचं विणकाम म्हणजे दोन-दोन बारीक उभ्या धाग्यांवरून एक जाड आडवा धागा. म्हणून जरा खडबडीत पोत आणि अंगावर पडतानाचा तो जडपणा. खरी परीक्षा कॉलरची. आत कडक बक्रम असेल तर बटणं लावल्यावर कॉलर कागदासारखी सपाट बसते. आत मऊ थर असेल, किंवा काहीच नसेल, तर टोकाचं बटण आणि गळा यांच्यामध्ये कमानीसारखा बाक येतो. तो बाकच सगळं काही, त्यासाठी ही मंडळी एकमेकांशी वाद घालतात. भाच्याला आरशासमोर उभं केलं, बटणं लावली, आणि बाक आला. एक पांढरा, एक फिकट निळा घेतला. टायही तिथेच घेतला. इंग्रजांच्या पलटणींच्या टायवरचे पट्टे डाव्या खांद्याकडून खाली उतरतात. ब्रूक्सने ते उलटे, उजव्या खांद्याकडून उतरवले. त्यामुळे कुणी विचारायला नको, की तू कुठल्या पलटणीत होतास.

ब्लेझर मात्र तिथे मनाला येईना. भाचा म्हणाला, "न्यू हेवनला जे. प्रेस आहे, कपड्यांचं जुनं दुकान."

ग्रँड सेंट्रलवरून न्यू हेवनची गाडी दोन तासांची. वाटेत समुद्र अधूनमधून दिसतो, पण माझं लक्ष समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या जाकिटाकडे. दोन्ही कोपरांवर चामड्याची ठिगळं, आणि टाका हाताचा.

येल बघून माणूस दबतो. मनोरे, कमानी, रंगीत काचा. वाटतं, पाचशे वर्षांपूर्वीचं असणार. भाच्याने हळूच सांगितलं, की यातलं बरंचसं १९२० आणि ३० च्या दशकांतलं आहे, मुद्दाम जुनं दिसेल असं बांधलेलं. म्हणजे इमारतीसुद्धा कॉलर झिजवूनच आणलेल्या! आणि नाव? एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, १६८७ ते १६९२ मद्रासचा गव्हर्नर. भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून त्याला पायउतार व्हावं लागलं. १७१८ मध्ये त्याने या कॉलेजला ४१७ पुस्तकं, राजाची तसबीर आणि मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. तो माल विकून ५६२ पौंड आले आणि कॉलेजने त्याचं नाव लावून घेतलं. गठ्ठ्यांत बरंचसं कापडच होतं. एवढ्या मोठ्या विद्यापीठाला नाव मिळालं ते कापडाच्या गठ्ठ्यांवर, हे आमच्या मालकांना कळलं असतं तर त्यांनी दुकानात पाटी लावली असती.

जे. प्रेस इथलंच, १९०२ चं. जॅकोबी प्रेस हा लाटव्हियातून आलेला ज्यू शिंपी. गँट हे शर्टवालेही न्यू हेवनचेच, १९४९ चे, आणि मूळ आडनाव गँटमाखर. राल्फ लॉरेन जन्माने लिफ्शिट्झ, ब्राँक्सचा, एके काळी ब्रूक्स ब्रदर्सच्याच काउंटरवर विक्रेता. खानदानी गोऱ्यांचा हा सगळा थाट शिवला आणि विकला तो बोटीतून उतरलेल्यांनी आणि त्यांच्या पोरांनी. जे. प्रेसची मालकी तर १९८६ पासून जपानी कंपनीकडे आहे. साठच्या दशकात जपानी पोरांना या पोशाखाचं वेड लागलं आणि अमेरिकेने तो अडगळीत टाकला तेव्हा त्यांनी तो सांभाळला. घराणं एकाचं आणि गाणं राखलं दुसऱ्यानेच, तसं.

दुकान शांत. लाकूड, लोकर, थोडा डांबरगोळीसारखा वास, म्हणजे निदान मला तरी तसा वाटला. ब्लेझर हँगरवर होता तेव्हाच आवडला. खांद्यात भरणा जवळजवळ नाही, बाही खांद्यावरून सरळ ओघळते. पुढे डार्ट, म्हणजे आकारासाठी शिवलेली चुणी नाही, कंबरेत आवळलेला नाही. याला 'सॅक', म्हणजे पोतं, म्हणतात आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला नाव पटतं. बटणं तीन, पण वरचं लेपलच्या वळणात लपलेलं, ते लावायचंच नाही. मागची चीर वर जाऊन आकड्यासारखी वळते. मी बटणाच्या काजाखाली चिमटीने वरचं कापड एका बोटावर, आतलं दुसऱ्या बोटावर धरलं आणि हळूच वेगळं केलं. मध्ये तिसरा थर मोकळा सरकला. चिकटवलेला नव्हता. भाच्याचा हात धरून त्याच्या चिमटीतही दिलं. "कळतंय?" तो म्हणाला, "कळतंय. किंमत पण कळतेय."

ताई बाहेर येऊन म्हणाली, "एवढ्यात आपल्याकडे लग्नाचा बस्ता होतो."

ते खरं होतं. शिकणाऱ्या पोराने पहिल्या पगाराआधी एवढा खर्च करावा असं मलाही वाटेना. मग मी माझा हुकमी मार्ग काढला : जुन्या कपड्यांची दुकानं. कॉलेजचं गाव आहे, प्राध्यापक निवृत्त होतात, कपाटं रिकामी होतात. तिसऱ्या दुकानात, नाताळच्या लाल स्वेटरांच्या ढिगाशेजारी, नेव्ही ब्लेझर टांगलेला. लेबल जे. प्रेसचं, आतल्या खिशावर अमेरिकेत शिवल्याची पट्टी, चिमटीत तिसरा थर मोकळा, अस्तर बगलेत जरा उसवलेलं. बाह्या अर्धा इंच लांब, पण खांदे जसे त्याच्यासाठीच. बाही कमी करता येते, खांदा दुरुस्त करायला गेलात तर अख्खा कोट उसवा. किंमत नव्याच्या दहाव्या हिश्श्याची. भाचा कुरकुरला, "दुसऱ्याचं वापरलेलं?" मी म्हटलं, झिजलेलं रूप आणायला तुम्ही वर्षानुवर्षं घालवता, हे तयारच मिळतंय.

त्याच मांडणीवर चौकटीचा एक जुना शर्ट होता. निळा, पिवळा, मातकट लाल, रंग एकमेकांत उतरलेले. मद्रास चेक. याची एक कहाणी आहे. १९५८ च्या सुमारास विल्यम जेकबसन नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने मद्रासी हातमागाचं कापड नेलं आणि ते ब्रूक्स ब्रदर्सने वापरलं. रंग वनस्पतींचे, धुताना उतरणारे. गिऱ्हाइकं भडकली. तेव्हा जाहिरातवाल्यांनी दोषालाच गुण ठरवलं आणि 'रंग उतरण्याची हमी' देऊन माल खपवला. विकणारे होते कॅप्टन कृष्णन नायर, पुढे सहार विमानतळाजवळ लीला हॉटेल उभारणारे. ते हीच हकिगत सांगायचे. काउंटरवर मी हजारदा म्हटलंय, "ताई, रंग जाणार नाही, माझी गॅरंटी." उलटी गॅरंटी द्यायचं कधी सुचलं नाही. शर्ट मी स्वतःसाठी घेतला.

रात्री वूस्टर स्ट्रीटवर पिझ्झा खाल्ला. प्रसिद्ध तो शिंपल्यांचा. ताई मालवणात वाढलेली असल्याने तिने त्याची तिसऱ्यांच्या तिखल्याशी तुलना करून परीक्षण केलं, ते इथे देत नाही.

बुटांचा प्रश्न उरला होता. लोफर बास कंपनीचे घेतले, मेन राज्यातल्या विल्टनचे मूळचे. १९३६ साली नॉर्वेच्या कोळ्यांच्या जोड्यांवरून केलेला नमुना, म्हणून 'नॉर्वेजियन'वरून नाव 'वीजन'. बर्फासाठी मात्र एल. एल. बीनचेच बूट, आणि त्यासाठी मेनमधल्याच फ्रीपोर्टला जायचं असा माझाच हट्ट. न्यू हेवनहून गाडी बॉस्टनच्या साउथ स्टेशनला सोडते आणि मेनची डाउनईस्टर सुटते नॉर्थ स्टेशनहून. दोन्हींच्या मध्ये रूळ जोडलेलेच नाहीत. ताईची बॅग घेऊन मेट्रो बदलत पळालो, दादर पूर्व-पश्चिमची आठवण झाली. पण पुढचे तीन तास खिडकीत लाल-पिवळी झाडं, आणि सगळे गप्प.

फ्रीपोर्टचं दुकान १९५१ पासून चोवीस तास उघडं आहे. दाराला कुलूपच नाही म्हणतात. मी पुण्याचा, दुपारी एक ते चार शटर खाली ओढून वामकुक्षी घेणाऱ्या परंपरेतला. रात्री साडेदहाला आत लोक तंबू बघत फिरत होते ते बघून मला कर्मचाऱ्यांची दया आली.

बूट खालून रबर, वरून चामडं. १९१२ मध्ये लिऑन बीनने पहिले शंभर जोड विकले, त्यातले नव्वद टाके सुटून परत आले. त्याने पैसे परत केले, कर्ज काढलं, बूट सुधारला. तेव्हापासून माल परत घ्यायची त्यांची रीत. कितीही वर्षांनी या, घेऊ. लोक जुन्या बाजारातून उचललेले फाटके बूट आणून पैसे मागू लागले, तेव्हा २०१८ मध्ये त्यांनी एका वर्षाची मुदत घातली. मी ज्या पाटीखाली नोकरी केली तिच्यावर 'एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही' असं लिहिलं होतं आणि ती पाटी मीच दर दिवाळीला पुसायचो. एका जोडाचे टाके मोजून बघावेत असं वाटलं, पण भाचा लाजला. हे बूट अजून मेनमध्येच शिवतात आणि तळ झिजला की नवा बसवून देतात. घेतले.

जानेवारीत त्याचा फोन आला. मुलाखत दुसऱ्या दिवशी.

"मामा, ब्लेझरच्या बाहीचं एक बटण लोंबतंय. घरात काळा दोरा आहे, चालेल?"

"नेव्हीला काळा नको. निळा आण. आणि बटणाखाली काडेपेटीची काडी धर, मग शिव."

"काडी कशाला?"

"धर रे. मग सांगतो."