लाल उजवीकडे : सॅन डिएगोच्या बंदरात दोन तास

आदल्या रात्री जेवणं उरकल्यावर दादाने टेबलावर एक टोमॅटो ठेवला, वीतभर अंतरावर एक हिरवी मिरची ठेवली आणि मधल्या जागेतून चमचा सरकवत मला विचारलं, "हे बंदराचं तोंड. तू समुद्रावरून आत येते आहेस. टोमॅटो कुठल्या हाताला?"

"डाव्या," मी लगेच म्हटलं. मुंबई बंदरातल्या लाल आणि हिरव्या बोयांचा, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचा, अर्थ मला त्यानेच शिकवलाय. बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढून तो आता सॅन डिएगोत स्थायिक झालाय.

"भारतात डाव्या. इथे उजव्या." त्याने टोमॅटो आणि मिरचीची अदलाबदल केली. "उत्तर काय, दक्षिण काय, सगळ्या अमेरिकेत उलटं. आत येताना लाल उजवीकडे, बाहेर जाताना डावीकडे. उद्या एवढं एकच लक्षात ठेव."

सॅन डिएगोच्या खाडीत लहान स्पीडबोटींची एक सहल असते. दोघांना एक बोट देतात आणि ती आपणच चालवायची असते. वाटाड्या पुढे त्याच्या बोटीत असतो आणि त्याच्यामागे चार-पाच बोटी रांगेने जातात. दादाने माझ्यासाठी आणि स्वतःसाठी जागा घेतली होती. पण पाठीचं दुखणं असलेल्यांनी बसू नये असं त्यांनी स्पष्ट लिहिलेलं, आणि दादाच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्षही झालेलं नाही. त्याच्या जागी वहिनी आल्या. वहिनी मूळच्या साताऱ्याच्या. एकोणीस वर्षं या शहरात राहून त्यांनी हे शहर पाण्यावरून कधीच पाहिलं नव्हतं.

मला बोट चालवायची होती त्याचं कारण जुनं आहे. आमचं गाव रेवसच्या अलीकडे. मुंबईला जायचं म्हणजे रेवसहून लाँच आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. दादा नववीत असताना सारंगकाकांनी त्याच्या हातात चाक दिलं होतं, पाच मिनिटं का होईना. दोन वर्षांनी मीही मागितलं. "पोरींनी नाही गं धरायचं ते," असं म्हणून त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी दिली. ते रागावले नव्हते, चांगले माणूस होते. पण ती पुडी मी खाल्ली नाही, आणि नंतर शेकडो वेळा तो समुद्र ओलांडला तो प्रवासी म्हणूनच.

जूनची सकाळ होती. या किनाऱ्याला मे-जूनमध्ये पॅसिफिकवरून खालच्या ढगांची चादर येते आणि दुपारपर्यंत हलत नाही. थंड पाण्यावरची हवा खालीच अडकून राहते म्हणून हे होतं. इथले लोक त्याला 'जून ग्लूम' म्हणतात. स्वेटरवर लाइफ जॅकेट चढवून आम्ही हार्बर आयलंडच्या धक्क्यावर उभ्या होतो. नावात बेट असलं तरी ही जागा माणसांनीच केली आहे. मोठ्या जहाजांसाठी खाडी खोल केली आणि उपसलेला गाळ इथे टाकला. शेजारचं शेल्टर आयलंडही तसंच. आज त्या गाळावर हॉटेलं आहेत.

बोट तेराएक फुटांची. एक चाक, उजव्या हाताशी थ्रॉटलचा, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा, दांडा आणि एक लाल गुंडाळीची दोरी. दोरीचं एक टोक चालवणाऱ्याच्या जॅकेटला अडकवायचं. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी निसटते आणि इंजिन जागीच बंद होतं. वाटाड्या मुलगी पंचविशीची असेल. तिने तीन गोष्टी बजावल्या. बोटीला ब्रेक नसतात. गती पूर्ण काढून घेतली तर चाक फिरवूनही बोट वळत नाही, कारण वळवतो तो पंख्याचा जोर. आणि दुसऱ्या बोटीने उठवलेली लाट समोरून किंवा आडवी घ्यायची नाही, वेग कमी करून तिरकी कापायची.

मरिनाच्या, म्हणजे बोटी बांधून ठेवतात त्या जागेच्या, आत चालण्याच्या वेगाने जायचं असतं, मागे लाट उठता कामा नये. ती दहा मिनिटं मला फार लांब वाटली. बाहेर पडल्यावर रेडिओवरून "चला" असं आलं आणि मी दांडा पुढे ढकलला. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, एकदम वर उचलली गेली आणि क्षणभर समोर फक्त ढग. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. मग नाळ खाली बसली, बोट पाणी कापायचं सोडून पाण्यावरून घसरायला लागली आणि चाक हातात हलकं झालं. हे हलकं होणं मला कोणी सांगितलं नव्हतं.

शहर डाव्या हाताला आणि लाल बोया उजव्या हाताला, खाडीपलीकडच्या कोरोनाडोच्या बाजूला. मी मोठ्याने म्हटलं, "लाल उजवीकडे." वहिनी म्हणाल्या, "दादाला फोन लावून सांगू का?"

पहिलं थांबणं 'स्टार ऑफ इंडिया'पुढे. हे नाव वाचून कुठल्याही भारतीयाचा जीव गोळा होईल, पण नावामागची गोष्ट वेगळी आहे. 1863 साली आयल ऑफ मॅन बेटावर हे शिडाचं लोखंडी जहाज बांधलं तेव्हा त्याचं नाव 'युटर्पी' होतं. पुढे अलास्कातून सामन मासा आणणाऱ्या एका कंपनीने ते घेतलं. त्या कंपनीच्या जहाजांची नावं 'स्टार ऑफ' अमुकतमुक अशी असायची, म्हणून 1906 मध्ये हे 'इंडिया' झालं. तरी हिंदुस्थानशी त्याचं नातं खरं आहे, आणि ते नावाच्या कितीतरी आधीचं आहे. त्याच्या पहिल्या दोन्ही सफरी कलकत्त्याच्याच होत्या. दुसऱ्या सफरीत बंगालच्या उपसागरात वादळाने असं गाठलं की डोलकाठ्या तोडून टाकाव्या लागल्या, आणि परतीच्या वाटेवर कप्तानच वारला. पुढे याच जहाजाने हजारो माणसं न्यूझीलंडला नेऊन वसवली. 1927 पासून ते सॅन डिएगोत आहे. अनेक वर्षं गंजत पडलं होतं, पण लोकांनी ते दुरुस्त केलं आणि 1976 साली ते शिडं उभारून पुन्हा समुद्रात गेलं. पाण्यावरून मान वर करून त्या डोलकाठ्या पाहताना, वादळात कुऱ्हाड चालवणारे ते हात कसे असतील याचाच विचार मनात येत होता.

थोडं पुढे 'मिडवे'. एक हजार एक फूट लांबीची ही विमानवाहू नौका. धक्क्यावरून दिसते ती लांबच लांब भिंत. आमच्या चिमुकल्या बोटीतून ती कडा होती, आणि वरच्या डेकवरची माणसं कड्यावरच्या गवतासारखी. दुसरं महायुद्ध संपल्यावर आठच दिवसांनी, 10 सप्टेंबर 1945 रोजी ती नौदलात आली आणि 1992 पर्यंत राहिली. मला तिची एक गोष्ट फार आवडते. एप्रिल 1975 मध्ये सायगाव पडत होतं तेव्हा दक्षिण व्हिएतनामचा एक मेजर बायको आणि पाच मुलांना दोन आसनांच्या छोट्या सेसना विमानात कोंबून समुद्रावर आला आणि 'मिडवे'भोवती घिरट्या घालू लागला. डेकवर हेलिकॉप्टरांची गर्दी, उतरायला जागा नाही. कप्तान लॅरी चेंबर्स यांनी हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलून द्यायला सांगितली. जागा झाली, विमान उतरलं, सातही जीव वाचले.

2004 पासून 'मिडवे' संग्रहालय आहे. तिच्या सावलीत बोट थांबवून बसले आणि मला आपली जुनी 'विक्रांत' आठवली. माझी लेक सहा वर्षांची असताना आम्ही मुंबईत 'विक्रांत'वर गेलो होतो. डेकवरचं विमान पाहून ती जागची हलेना. 1961 ते 1997 नौदलात, मग 2001 पासून संग्रहालय, 2012 मध्ये ते बंद आणि 2014 मध्ये जहाज भंगारात. 1971 च्या युद्धात पूर्व किनाऱ्यावर लढलेलं जहाज होतं ते. इथे 'मिडवे'च्या डेकवर कुठलंसं लहान मूल आम्हाला हात हलवत होतं. मीही हात हलवला, पण घसा दाटून आला होता. आपल्याला ती ठेवता यायला हवी होती, असं मला आजही मनापासून वाटतं.

तिथून कोरोनाडोच्या पुलापर्यंत मोकळं पाणी. इथे माझी चूक झाली. एक मोठी मोटारयॉट समोरून गेली आणि तिची लाट मी वेग कमी न करता थेट समोरून घेतली. बोट हवेत गेली आणि दाणकन आपटली. वहिनींचा चष्मा उडून पायाशी पडला, माझी जीभ दाताखाली आली. रेडिओवर शांत आवाज आला, "तिरकी." पुढच्या लाटेला मी दांडा मागे घेतला, नाळ थोडी वळवली, आणि बोट लाटेच्या पाठीवरून एखाद्या उतारावरून यावी तशी सरकली. तेव्हापासून माझं लक्ष इमारतींवरून उडालं. पाण्याच्या कुठल्या पट्ट्यात सुरकुती आहे, कुठे गुळगुळीत आहे, कोण कुठून येतंय, हेच मी बघत राहिले. लाँचमधले सारंगकाका आमच्याशी बोलताना कधी आमच्याकडे बघत नसत. ते का, हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

पूल खालून पाहावा. 1969 साली झालेला हा पूल सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि मध्येच मोठं वळण घेतो. गाडीतून जाताना वाटतं की वळण शोभेसाठी आहे. पण नौदलाचा मोठा तळ पुलाच्या आत, खाडीच्या दक्षिण भागात आहे. युद्धनौका खालून जाव्यात म्हणून पूल पाण्यापासून 200 फूट उंच हवा होता. सरळ रेषेत तेवढं चढायला चढ फार तीव्र झाला असता, म्हणून वळण देऊन लांबी वाढवली. खांबांच्या मधून जाताना वरच्या गाड्यांचा आवाज घुमतो आणि पाणी काळं-थंड होतं. पूल झाला तसा कोरोनाडोची फेरी बंद पडली. 1987 मध्ये प्रवाशांसाठी ती पुन्हा सुरू केली हे ऐकून मला फार बरं वाटलं. शहराकडच्या टोकाला, बॅरिओ लोगन या वस्तीत, रस्त्यासाठी आणि पुलासाठी लोकांची घरं गेली. खांबांखालच्या जागेत बाग देण्याचं कबूल झालं होतं, तिथे गस्ती पोलिसांचं ठाणं उभं राहणार असं दिसल्यावर 22 एप्रिल 1970 रोजी लोकांनीच ती जागा ताब्यात घेतली. आज तिथल्या खांबांवर भव्य चित्रं आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही पायी जाऊन ती पाहिली. त्यावर वेगळं लिहायला हवं.

पुलाखालून वळून आम्ही खाडीच्या तोंडाकडे निघालो. आता लाल डावीकडे. नॉर्थ आयलंडच्या नौदल तळाला एक विमानवाहू नौका उभी होती, पण तिच्याजवळ जाता येत नाही. युद्धनौकेच्या 500 यार्डांच्या आत वेग अगदी कमी करायचा आणि 100 यार्डांच्या आत जायचंच नाही, असा कायदा आहे.

पॉइंट लोमाच्या बाजूला आमिषाच्या माशांचे तराफे आहेत. गळाने मासेमारी करणारे इथून जिवंत तारली आणि मांदेलीच्या जातीचे मासे घेऊन समुद्रात जातात. तो वास वाऱ्यावर आला आणि मी एकदम भाऊच्या धक्क्यावर पोचले. तराफ्यांवर सी-लायनांचे थरच्या थर पडलेले, एकमेकांच्या अंगावर, भुंकत, ढकलत. एका दांडग्या नराने शेजारच्याला पाण्यात लोटलं आणि त्याच्या जागेवर डोकं टेकून झोपला. वहिनी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

समोर पॉइंट लोमाचा डोंगर, वर जुना दीपगृह, ढगात अर्धा बुडालेला. 1855 साली तो पेटवला तेव्हा समुद्रापासून 422 फुटांवर होता. एवढ्या उंचीवरचा दिवा लांबून दिसेल असा हिशेब होता. पण ज्या ढगांनी आम्हाला सकाळपासून कुडकुडवलं त्याच ढगांत तो दिवा झाकला जाई, नेमका गरजेच्या वेळी. शेवटी 1891 मध्ये खाली, पाण्याजवळ नवा दीपगृह बांधला आणि वरचा विझवला. 28 सप्टेंबर 1542 रोजी काब्रियो या दर्यावर्दीची स्पॅनिश जहाजं याच टोकाला वळसा घालून आत आली. आमच्या चौलला पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला होता 1521 मध्ये, म्हणजे वीसेक वर्षं आधीच.

इथे पॅसिफिकची लांब फुग लागायला लागली. खाडीतल्या लाटांसारखी ती आपटत नाही, सगळी बोट हळूच उचलते आणि हळूच ठेवते. वाटाड्या मुलीने हात वर केला, इथूनच परत. इंजिनं मंद करून सगळ्या बोटी जवळ आल्या. मी वहिनींकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या.

"वहिनी, तुम्ही घेता?"

"मी? अगं, मला पोहायलाही येत नाही."

"जॅकेट आहे. मी शेजारीच आहे."

आम्ही वाकून जागा बदलल्या, लाल दोरी मी त्यांच्या जॅकेटला अडकवली. पहिली दहा मिनिटं त्यांनी चाक असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली. मग खांदे सैल झाले. एका पर्यटक बोटीची लाट आली, मी काही बोलायच्या आत त्यांनी दांडा मागे घेतला आणि ती तिरकी कापली. माझी चूक त्यांनी बघून ठेवली होती.

धक्क्यावर दादा उभा होता, हातात चहाचा थर्मास. त्याची नजर चालवणाऱ्याच्या जागेवर मला शोधत होती. तिथे वहिनी दिसल्या तेव्हा त्याने थर्मास खाली ठेवला आणि दोरी घ्यायला पुढे झाला.

"सावकाश," तो म्हणाला. "वारा मागून आहे."

"दिसतंय मला," वहिनी म्हणाल्या, आणि बोट त्याच्या पायाशी आणून लावली.