क्रेडिट पोचलं, पण पडलं कुठे?

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजातून युनिव्हर्सिटीत गेलेल्या एका जुन्या स्टुडंटचा मेसेज आला, "सगळे क्रेडिट घेतले म्हणाले ना, मग हे अजून दोन सेमिस्टर लँग्वेज का मागतायत?" आणि खाली डिग्री ऑडिटचा (डिग्रीसाठी काय झालं, काय राहिलं त्या यादीचा) स्क्रीनशॉट, त्यात लँग्वेजच्या ओळीपुढे लालभडक फुली. बाईंनी दोन सेमिस्टर नावाहो भाषा शिकून पास केलीय हो! दोन्ही वेळा ए.

थोडं मागून सांगते. मी अ‍ॅरिझोनात नावाहो नेशनवरच्या, म्हणजे नावाहो जमातीच्या स्वतःच्या प्रदेशातल्या, ट्रायबल (जमातीने चालवलेल्या) कॉलेजात गणित शिकवते, पार्ट टाइम. अमेरिकेत अशी 35च्या आसपास कॉलेजं आहेत, त्यातलं पहिलं इथलंच, दिने कॉलेज, 1968चं. इथे जेन-एड (जनरल एज्युकेशन, सगळ्यांना लागणारे विषय) म्हणजे इंग्लिश, गणित, लॅबवालं सायन्स, इतिहास, कला वगैरे तर असतंच, पण त्यासोबत त्या त्या जमातीची भाषा आणि इतिहासही असतो, आणि तो ऑप्शनला टाकायचा विषय नाही, कॉलेज काढलंच मुळात त्यासाठी.

मला सुरुवातीला वाटायचं ट्रान्सफर, म्हणजे इथले क्रेडिट घेऊन युनिव्हर्सिटीत जाणं, यात एकच प्रश्न, क्रेडिट घेतात की नाही. तसं नाहीये. प्रश्न दोन आहेत, घेतात का आणि कशात धरतात, आणि पोरं अडकतात ती दुसऱ्यात. समोरची युनिव्हर्सिटी हसत हसत सगळे 60 क्रेडिट घेते आणि त्यातले 15-20 इलेक्टिव्हमध्ये टाकून मोकळी होते. इलेक्टिव्ह ही अडगळीची खोली आहे, जे कुठे बसत नाही ते तिथे. क्रेडिट दिसतात, पण रिक्वायरमेंट तशीच उभी राहते आणि एक वर्ष वाढतं, त्यात पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) आयुष्यात एकूण 12 सेमिस्टरच मिळते, म्हणजे तिकडूनही कात्री.

अ‍ॅरिझोनात राहणार असाल तर यावर चांगला उपाय आहे, एजेक, म्हणजे किमान 35 क्रेडिटचा जेन-एडचा ठरलेला संच. सगळ्या कोर्सात सी किंवा वर मिळवून तो पुरा केला की राज्याच्या तिन्ही युनिव्हर्सिट्या तो अख्खा गठ्ठा धरतात, एकेक कोर्स उलटापालटा करून बघत बसत नाहीत. एकच कोर्स राहिला आणि तसेच गेलात तर मात्र गठ्ठा सुटला, मग प्रत्येक कोर्स वेगळा तपासला जातो. म्हणून मी वर्गात ओरडून सांगते की पुरा करून जा रे, एका कोर्ससाठी घाई करू नका. आणि गणित कुठलं घेताय ते आधी बघा, आर्ट्सच्या एजेकला कॉलेज मॅथ चालतं, बिझनेसच्याला ब्रीफ कॅल्क्युलस लागतं आणि सायन्सच्याला सरळ कॅल्क्युलस. 100च्या खालच्या नंबरचे तयारीचे कोर्स तर कशातच धरत नाहीत, ते फक्त पाया पक्का करायला. दरवर्षी कोणीतरी चुकीचं गणित पास करून आनंदाने पेढे वाटल्यासारखं सांगायला येतं आणि मला तोंड पाडून बसावं लागतं.

पण ही बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे राज्याबाहेर गेली, एजेकचं कवच गेलं. तिथल्या ऑफिसात फोन केला तर उत्तर, रिक्वायरमेंट फॉरेन लँग्वेजची आहे आणि नावाहो काही फॉरेन नाही. ती म्हणाली, "बरोबरच आहे, फॉरेन इंग्लिश आहे, ती मी आधीच पास केलीय."

ही भाषा सोपी म्हणून घेतली असंही कोणी म्हणू नये. तिची होमवर्कची वही मी पाहिलीय. नावाहोत "दे" म्हणायला एक क्रियापद पुरत नाही, वस्तू कशी आहे त्यावर ते बदलतं, दोरीसारखं लांब-लवचिक असेल तर एक, भांड्यात असेल तर दुसरं, चिखलासारखं मऊ असेल तर तिसरं. एका पानावर नुसतं देणं-घेणंच होतं, आणि मार्जिनमध्ये तिच्या आजीने सांगितलेल्या दुरुस्त्या, वेगळ्या शाईत.

मग आम्ही पिटिशन केलं, म्हणजे नावाहो लँग्वेजमध्ये धरा असा अर्ज. यात नुसत्या भावना चालत नाहीत, कागद लागतात. त्या सेमिस्टरचाच सिलॅबस, आताचा नाही, त्यात आठवड्याला किती तास, काय शिकवलं, परीक्षा कशी घेतली हे सगळं हवं. तिने सुदैवाने सगळे सिलॅबस एका चपलेच्या खोक्यात जपून ठेवले होते (मी माझ्या एमएस्सीचा एकही दाखवू शकणार नाही). त्या ऑफिसबरोबरच्या झूमच्या अपॉइंटमेंटचा एकदा घोळ झाला, कारण उन्हाळ्यात नावाहो नेशन घड्याळ पुढे करतं आणि बाकी अ‍ॅरिझोना करत नाही, आणि दुसऱ्या राज्यातल्या त्या ऑफिसने मेलमध्ये नुसतं "अ‍ॅरिझोना टाइम" लिहिलं होतं. मी तासभर आधीच कॅमेऱ्यासमोर नटून बसले.

काल नवा स्क्रीनशॉट आला. लँग्वेजची फुली गेली, तिथे हिरवी खूण. नावाहो इतिहासाचा कोर्स मात्र अजून इलेक्टिव्हमध्येच पडलाय, त्याचा सिलॅबस आज रात्री स्कॅन करायचाय, पाच पानं आहेत आणि तिसऱ्यावर कॉफीचा डाग.