काँक्रीटचा ओटा करताय? रंग हळदीला विचारून ठरवा

काँक्रीटच्या ओट्याचे फोटो पाहून लोक फिकट राखाडी नाहीतर पांढरा रंग मागतात. सांगलीच्या स्वयंपाकघरात तो टिकत नाही. काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि हळद अल्कात लाल होते. त्यामुळे सीलर (डाग रोखणारा लेप) न मारलेल्या ओट्यावर ओली हळद सांडली की डाग पिवळा नाही, तांबडा पडतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच ही क्रिया. उन्हात डाग फिका होतो, पण ओटा काही वाळवणासारखा गच्चीवर नेता येत नाही.

म्हणून गडद रंग घ्या. आपल्याकडे क्रशरवर काळ्या पाषाणाची ६ ते १० मिमीची खडी सहज मिळते. काळा ऑक्साइड (सिमेंटमध्ये मिसळायची रंगाची पूड) घालून ओटा ओता आणि वरचा २-३ मिमी थर मोझेकच्या मशीनने घासा. खडी उघडी पडते आणि त्या ठिपक्यांत डाग हरवतो. ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या ४ टक्के, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २ किलो. त्याहून फार वाढवलं तर रंग फारसा गडद होत नाही, पाणी मात्र जास्त लागतं.

१२ फूट लांब, २ फूट रुंद, २ इंच जाड ओट्याला ४ घनफूट माल लागतो. सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : २.५ प्रमाणात घेतली तर सिमेंटची एक गोणी जेमतेम पुरते, सव्वा धरा. वाळू किंवा क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) धुतलेली हवी. गोणीला वाळूतल्या ओलाव्यासकट १९-२० लिटर पाणी, सोबत प्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यात माल सैल ठेवणारं रसायन. गवंडी हमखास आणखी पाणी ओततो, कारण माल पटकन पसरतो; मग वर पाणी सुटतं आणि पृष्ठभागावर केसासारख्या भेगांची जाळी येते. वरून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं तरी तेच, शिवाय पापुद्रा सुटतो. दोन्ही गोष्टींना आधीच नाही म्हणून ठेवा.

वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतं. साच्यात उलटा, म्हणजे वरची बाजू खाली ठेवून, ओतायचा तर दोन तुकडे करा आणि सांधा सिंकच्या मधोमध घ्या. साचा १८ मिमी लॅमिनेटेड प्लायचा, आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉनची गोल रेघ. तीच ओट्याची गुळगुळीत कड होते. ८ मिमी सळई ६ इंचांवर, वर-खाली साधारण पाऊण इंच काँक्रीट सोडून. सिंक आणि शेगडीच्या खाचेच्या प्रत्येक कोपऱ्यात एक तिरपी सळई टाका. भेग बहुधा तिथूनच सुरू होते.

खरी मजा साचा बांधतानाची आहे, कारण नंतर काही बदलता येत नाही. सिंकशेजारी निथळण्याच्या पन्हाळी हव्या असतील तर साच्यात लाकडी पट्ट्या बसवा. उतार फुटाला पाव इंच पुरतो. पुढच्या कडेखाली अर्धा इंच आत एक खाच ठेवली की पाणी कपाटाच्या दारावर ओघळत नाही. पोळ्या लाटायला दीड फुटी पॉलिश कडप्पा साच्याच्या तळाला पालथा चिकटवून वर माल ओतला तर तो ओट्याच्या पातळीत येतो. पितळी पट्टीही अशीच बसते. बांगड्यांच्या काचा घालायचा मोह होतो, पण काचेची सिमेंटमधल्या अल्कशी हळूहळू क्रिया होते, त्यातून बनणारा पदार्थ फुगतो आणि ओटा तडकू शकतो. घालायच्याच असतील तर २० टक्के सिमेंटऐवजी फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) घ्या.

क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून मुरवायला, गोणपाट नको, त्याचे पट्टे उमटतात. सरळ प्लास्टिक अंथरा, सुरकुती न ठेवता, किमान १० दिवस. मग ५० ते ८०० नंबरपर्यंत डायमंड पॅडने घासा; नंबर वाढतो तसा पॅड बारीक.

सीलरवर कंजूषी करू नका. ॲक्रिलिक गरम कुकरखाली मऊ पडतं, इपॉक्सी पिवळं होतं. दोन भागांचं, अन्नाला चालणारं पॉलियुरेथेन बरं. तरी लिंबू, चिंच, कोकम रात्रभर पडू दिलं आणि सीलर कुठे झिजला असेल तर आम्ल सिमेंट खातं आणि तिथली चमक जाते. तो डाग नसतो, त्यामुळे पुसून निघत नाही. तेवढा भाग ४०० च्या पॅडने घासून पुन्हा सीलर मारावा लागतो.